सरकीच्या गोदामातलं थेटर

अकोल्याच्या कापूस बाजारामागच्या त्या थेटराचं आता फार कौतुक चालतं. काय गाणी, काय नकला! मला चीड येते.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. आधी ते सरकीचं गोदाम होतं. मालकाने त्यात फळ्यांचा मंच ठोकला. कापसाच्या दिवसांत बाजारच्या दिवशी दुपारी खेळ असे, म्हणजे गाडीवाले बघून उजेडी घरी जात. पुरुष पुढे, बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. ढोलकीला हार घातल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. तो हार माझ्या मायचा.

माय बाजारात फुलं विकायची. आवाज पुरुषासारखा घोगरा. "शेवंती घ्या वं बाई, देवाले वाहा नाहीतर सासूले!" हसत हसत बायका थांबत. घर त्या आवाजावर चालायचं.

थोरला भाऊ थेटरात नकला करी. एकदा मायला म्हणाला, "माय, आज तू येच. तुयासाठी खास हाये." माय धुतलेलं लुगडं नेसून माझ्याबरोबर चिकाआड बसली.

भाऊ लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन आला. मायचीच हाळी, मायचाच आवाज. वर कंबर हलवून डोळा मारला. लोक लोळून हसले. माय मांडीवरचा पदर चुरगाळत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने हाळी दिली, तर एक अडत्या ओरडला, "मावशी, पहिले कंबर हालव!" त्या दिवसापासून तिने हाळी दिलीच नाही. फुलं टोपलीत सुकायची.

पुढच्या बाजारी मायने हार केला नाही. भाऊ धावत आला. "माय, हार दे वं. खेळ खोळंबला."

मी म्हटलं, "मायची हाळीच बंद झाली तर हार कायचा? तूच दे हाळी. तुले तर बेस येते."

"गंमत होती ना! लोकं कसे हासून राहिले होते, पाहिलं नाही काय तुमी?"

"मायले हासून राहिले होते."

तो पलीकडच्या माळिणीकडून हार घेऊन गेला. थोड्या वेळाने गोदामातून ढोलकी ऐकू आली.

पुढे तिथे बोलपट आला, नंतर पुन्हा सरकी भरली. माय शेवटपर्यंत देवळाच्या पायरीशी मुकाट बसून फुलं विकत राहिली. निम्मी रोज परत यायची.

परवा एक म्हातारा मला म्हणाला, "तुया भावाची फुलवाली अजून डोळ्यापुढं हाये. ते हाळी म्हणून दाखव ना."

मी म्हटलं, "जिची होती तिले तुमीच गप केलं. आता मले काहून मागता?"