मधली खुर्ची

वडगावातल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटावरून बोलून त्यांचा आवाज असा कमावलेला, की त्यांनी सुनेला हाक मारली तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हिंडलग्याच्या जेलातले कैदी हजेरीला उभे राहत. खोटं वाटत असेल तर जेलरला विचारा.

लोकसभेच्या तोंडावर त्यांच्या पक्षाची सभा भरली आणि मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरून दोन गटांचे पुढारी हमरीतुमरीवर आले. बाई स्टेजवर चढल्या, पदर खोचला आणि त्या खुर्चीत स्वतःच बसल्या.

“आक्का, उठा की. सायबांची खुर्ची हाय ती,” एक कार्यकर्ता म्हणाला.

“न्हाय उठत! दारोदार मत मागत मी फिरायचं. लोक तोंडावर इचारत्यात, तुमचंच तुमच्यात जमंना, मत कशाला द्यायचं? काय सांगू रं त्यास्नी? उद्या दोघंबी माझ्यासंगं येतो म्हणा, मगच उठते.”

माइक बंद होता, तरी पार दोन कोसांवरच्या मच्छे गावापर्यंत ऐकू गेलं. दोघांनी मुकाट माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं आमच्या दारात हजर. एक पुढारी तुळशीकडे बघत होता, दुसरा गटाराकडे. मत एकट्या बाईच मागत होत्या, आणि दोघांची मनगटं त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.