टेपच्या आतलं बोट

टेलरमास्तरांचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता, मग परक्या डॉक्टरवर कुठून असणार? गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट जोडून चार महिने झाले, तरी डावा पाय टेकताना ते श्वास धरत. दुसऱ्याने घातलेली शिवण, तीही आत, न दिसणारी! तिचा काय भरवसा? मांडी मात्र वाळून काठी झाली होती. तिच्यात ताकद आल्याशिवाय पायमशीनवर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती.

तोवर दुकान धाकटा भाऊ बघत होता. "दादा, तू घाई करू नकोस," तो रोज म्हणे. एवढी माया? मास्तरांना वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही मांड्या मोजल्या. "वा! एकाच इंचाचा फरक राहिला."

मास्तरांनी टेपकडे पाहिलं. वाळक्या मांडीवर टेपच्या आत बाईंचं बोट होतं. चाळीस वर्षं ढेरपोट्या गिऱ्हाइकांना खूश ठेवायला मास्तर टेप आवळून कंबर कमी सांगत आणि कापड गुपचूप मोठं कापत. चोराची पावलं चोराला ठाऊक.

"बोट काढा, बाई."

बाई ओशाळल्या. बोट काढलं, तर फरक दोन इंच.

"तुमच्या भावाने गळ घातली," त्या म्हणाल्या. "दादा खचलाय, थोडं वाढवून सांगा म्हणाले. चुकलंच माझं. पण मास्तर, घरी टॉवेलच्या गुंडाळीवर गुडघा दाबता ना?"

"दाबतो की! दिवसातून तीनदा."

"जोर लावून?"

शिवण उसवेल या धास्तीने मास्तर गुडघा नुसता टेकवत आणि दहा आकडे म्हणून मोकळे होत. बायकोला मात्र घाम दाखवायला तोंडावर पाणी मारून येत.

"जोराशिवाय मांडी भरत नाही," बाई म्हणाल्या. "आणि या व्यायामाने ती शिवण उसवत नाही."

परतताना मास्तर काठी टेकत दुकानात शिरले. भाऊ कात्री टाकून धावत आला. "किती राहिलं, दादा?"

"दोन इंच."

भावाने मान खाली घातली. मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता. आली ती स्वतःची लाज.

"उद्यापासून सकाळी घरी ये," ते म्हणाले. "मी व्यायाम करताना समोर बस. मी अंग चोरतो."