हशा संपेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भिंगरी म्हणतो. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, याच्या डोक्यालाही ती लागलेली आहे. लहानपणी आई त्याला थोपटता थोपटता स्वतःच झोपून जायची आणि हा उठून तिच्या घोरण्याची नक्कल करत आम्हाला हसवायचा. त्याच्या पोटापाण्याचं तेव्हाच ठरलं.

भिंगरी विनोदी नट झाला. सकाळी मुलांच्या नाटकात अस्वल, संध्याकाळी मोठ्यांच्या नाटकात बायकोपुढे शेपूट घालणारा नवरा, आणि मधल्या वेळात बसमध्ये उभ्या उभ्या डुलक्या. जरा दम खा म्हटलं की म्हणायचा, "ताई, मी दम खाल्ला तर लोक मला खातील. माझ्या जागेवर किती जण टपलेत माहितीये?" गालफडं बसली होती. मला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

मग त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. लोक हसत असतील तर विनोदी नटाला त्यांचा हशा संपेपर्यंत थांबावं लागतं. मध्येच पुढचं वाक्य बोललं तर ते वाक्यही जातं आणि हशाही. याला भिंगरीचा दिग्दर्शक हशा खाणं म्हणतो. भिंगरी रोज आपलेच हशे खायला लागला. त्याला थांबणं जमेनासंच झालं. आणि एका प्रयोगात नाटकातल्या बायकोने विचारलं, "इतका वेळ कुठे होता?" तर हा अस्वलाच्या आवाजात म्हणाला, "मधाचं पोळं शोधत होतो." लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. दिग्दर्शक तेवढा हसला नाही, कारण आपण काय बोललो हे भिंगरीला कळलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाने त्याला महिनाभराची सक्तीची सुट्टी दिली, त्याच्या जागी एक नवा नट उभा केला आणि भिंगरीला माझ्या घरी आणून सोडलं.

माझं घर म्हणजे पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत संसार. तिथे हे अस्वल शिरलं. त्याने माझी बटणं रंगांप्रमाणे लावली, मग आकारांप्रमाणे, मग पुन्हा रंगांप्रमाणे. कात्र्यांना तेल दिलं. माप द्यायला आलेल्या एका बाईंना इतकं हसवलं की हसता हसता माप चुकलं आणि त्यांचा कोट सैल झाला. नाटकाची वेळ झाली की आरशासमोर उभा राहून पुटपुटायचा, "आता माझी एन्ट्री. आता ती भांडं आपटते." झोप म्हणाल तर नावाला नाही. खाटेवर या कुशीवरून त्या कुशीवर, मग उठून पाणी, मग खिडकी.

एकदा माझा संयम सुटला. "बसतोस का रे जरा एका जागी? माझं डोकं उठलंय."

"बसलो की बसून काय करायचं, ताई?"

तो थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. विचारात पडले तरी माझे पाय शिवणयंत्रावर चालूच होते. शेवटी मीच विचारलं, "नेमकं खुपतंय तरी काय तुला?"

बटणांचा डबा हलवत तो म्हणाला, "लोक माझ्याशिवायही हसले, तर मग माझं काय?"

म्हटलं, रोज मनात झुरण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी बघून घेऊ दे. रविवारी दुपारच्या प्रयोगाला आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो.

पडदा वर गेला. नवा नट आला. भिंगरीने माझं मनगट घट्ट धरलं. त्याचे ओठ प्रत्येक वाक्यासोबत हलत होते, एक पाय सारखा नाचत होता, पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. बायकोने विचारलं, "इतका वेळ कुठे होता?" नव्या नटाने नाटकातलं खरं उत्तर दिलं. लोक हसले. नवा थांबला. लोक हसतच राहिले आणि तो शांतपणे थांबूनच राहिला. मला भिंगरीकडे बघायचा धीर होईना. मग जाणवलं, मनगटावरची पकड सैल झाली होती. पाय थांबला होता. त्याचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं.

मध्यंतरातही तो जागा झाला नाही. नाटक संपलं, दिवे लागले, लोक आमच्या पायांवरून वाट काढत गेले. दिग्दर्शक लगबगीने रांगेत आला. "ताई, बरं झालं तुम्ही आलात. नव्याला पुढच्या आठवड्यात दुसरं काम आहे. भिंगरीला सांगा, शनिवारपासून ये."

रोज देवाला म्हणत होते की याला एकदाचं कामावर बोलावणं येऊ दे. आणि आता मीच म्हणाले, "नाही येणार तो. महिना भरू दे, मग बघू. आणि जरा हळू बोला."

दिग्दर्शकाने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि चवड्यांवर चालत निघून गेला. माझा खांदा अवघडून गेला होता, पण मी हलले नाही.

झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा कुठे भिंगरीने डोळे किलकिले केले.

"संपलं?"

"संपलं."

"हसले?"

"खूप."

"मी नसताना?"

"होतास की. घोरत होतास."

त्याने रिकाम्या रंगमंचाकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं झालं," म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.