चौकात टांगलेली मुशी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी फैजपूरला होतो. धुळ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. देवपूरच्या चौकात मात्र भला मोठा फ्लेक्स झळकत होता... वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दोन्ही हातांत मुशी, म्हणजे शार्क, उचलून धरलेले नाना. माझं डोकंच फिरलं. शिकाऱ्याचा असतो तसला फोटो, आणि तो या माणसाचा!

नाना मला शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात आम्ही दोघं कोकणात जायचो, नाव भाड्याने घेऊन मोठ्या माशांसाठी गळ टाकायचो. खाण्यासाठी नव्हे, नाना पक्के शाकाहारी. माशाशी झुंजायचं आणि त्याला सोडून द्यायचं, एवढाच नाद. गळाच्या टोकाचा उलटा काटा ते घरीच पकडीने दाबून सपाट करत, म्हणजे सोडवताना माशाचं तोंड फाटत नाही. त्यामुळे निम्मे मासे निसटायचे, मी चरफडायचो, ते खूश! मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, हा त्यांचा नियम. तरी गल्लीने त्यांना शेवटपर्यंत कसाई मास्तर म्हणून चिडवलं, आणि मेल्यावर हा फ्लेक्स.

मंडळाच्या अध्यक्षाला गाठून मी वाट्टेल ते बोललो. कुणाला विचारून लावला, लाजा कशा वाटत नाहीत... तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, ग्रुपवर तुम्हीच टाकेल शे ना हाऊ फोटो.”

खरं होतं. नाना नसलेल्या त्या ग्रुपवर मीच तो तेव्हा फुशारकीने टाकला होता, आणि विसरलो होतो. ती मुशी माझी, आयुष्यातली पहिली. एक फोटो तरी हवाच म्हणून मी नावेत रुसून बसलो. शेवटी नानांनी नियम मोडला, तिला उचललं. “लवकर काढ. तिना जीव जाई ऱ्हायना.” मी चार काढले, कारण पहिल्यात ऊन आडवं आलं होतं. पाण्यात सोडल्यावर ती उलटी झाली. नाना बराच वेळ तिला हातांनी सरळ धरून पाण्यात पुढेमागे करत राहिले, पण ती तळाला गेली. परतताना ते एवढंच म्हणाले, फोटो काढून टाक. टाकला, असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, माझ्या शब्दावर विसंबले.

फ्लेक्स मीच उतरवला. फोनमधला फोटो पुसायला मात्र अजून बोट धजत नाही, कारण नानांचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. त्यात ते माझ्याकडे बघतच नाहीत. मुशीकडे बघतायत.