पाणी कोण घालतं?

रोपवाटिकेतल्या काकूंना त्यांच्या नवऱ्याने, काकांनीच, धसकाबाई हे नाव ठेवलं होतं, आणि ते काही उगीच नव्हतं. आभाळात ढग दिसला तरी काकू रोपं झाकायला धावायच्या. पण या वेळी खरंच धसका घेण्यासारखं घडलं होतं. मिरचीच्या ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं काल ताठ उभी होती, आज आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला लागून खोड पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याएवढं बारीक. मर लागली होती, ओल्या मातीत पसरणारा रोपांचा रोग.

दुसरी कुठली रोपं असती तर काकूंनी ट्रे सरळ उकिरड्यावर रिकामा केला असता. ही मिरची मात्र काकांची होती. वर्षानुवर्षं चांगली झाडं निवडून, त्यांचं बी धरून त्यांनी ती घडवली होती. गेल्या हंगामात काका आजारी पडले आणि बी धरायचं राहून गेलं. डब्याच्या तळाशी उरलं होतं तेवढं सगळं याच ट्रेमध्ये पेरलेलं. ही रोपं गेली की मिरची गेली.

काकूंनी मेलेली रोपं मातीसकट उचलून लांब टाकली, दाटी होती तिथे विरळ केली, वरून कोरडी वाळू भुरभुरली, खिडक्या सताड उघडल्या. "माती सुकेपर्यंत पाण्याचा थेंबही नको," असं घरात सगळ्यांना बजावलं.

"अगं, हे तू मला सांगतेस?" काका हसले. "तुला शिकवलं कुणी?"

तरीही दुसऱ्या दिवशी माती ओलीच, आणि आणखी एक ओळ झोपलेली. काकूंनी छप्पर पाहिलं, नळ पाहिला. काहीच गळत नव्हतं. मग संशय सुनेवर गेला.

"तूच घातलंस ना पाणी? खरं सांग."

"आई, मी त्या शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नाही," सून फणकारली. "घरात काही बिघडलं की सून आहेच!"

दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्या खतांच्या पोत्यांमागे स्टूल टाकून बसल्या. चोर पकडायचाच.

काका आले. त्यांनी झारी भरली आणि पानांना धक्का न लावता, हलक्या हाताने सगळ्या ट्रेला पाणी घातलं. कुंपणच शेत खात होतं! काकू तणतणत उठल्या. तेवढ्यात झारी खाली ठेवून काका वळले आणि ट्रेकडे बघून थबकले. त्यांनी बोट मातीत खुपसलं.

"कुणी घातलं हे पाणी?" काकूंना पाहून ते कडाडले. "मर लागलीय, दिसत नाही? मारायचीत का माझी रोपं?"

काकूंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती. आत्ताच स्वतः घातलेलं पाणी काकांना आठवतच नव्हतं. इतके दिवस त्या भलत्याच गोष्टीला भीत होत्या.

"मीच घातलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "चुकलं माझं."

"इतकी वर्षं सांगतोय, तरी तेच! पुन्हा घालशील?"

"नाही घालणार."

काकूंनी झारी काखोटीला मारली आणि काकांचा ओला हात धरून त्यांना घरात नेलं.