अण्णांनी सांगितलेला स्वर्ग मी पाहिला

नमस्कार. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर इथले अनुभव वाचत बसतो. लिहितोय मात्र पहिल्यांदाच. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी बोअरच्या गाडीवर काम केलेला माणूस. जमिनीत कितीही खोल गेलो तरी दगड, माती आणि नशीब असलं तर पाणी... पाताळ काही कधी लागलं नाही. मग वर तरी काय असणार? स्वर्ग-नरक म्हणजे तेरवीच्या जेवणानंतर बोलायच्या गोष्टी, असंच मी धरून चाललो होतो.

माझं गाव सांगोल्याकडं. तेलंगणात आदिलाबादला आलो तो त्याच बोअरच्या गाडीबरोबर. तापानं फणफणलो, तेव्हा गाडीवाल्यांनी मला मार्केट यार्डामागच्या एका घराच्या ओसरीवर झोपवलं आणि ते पुढच्या कामाला निघून गेले. घर अण्णांचं. रिटायर मास्तर, पिढ्यान् पिढ्या तिकडंच राहिलेली मराठी माणसं. मूलबाळ नाही. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूनं, मला पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बरा झालो तरी ‘आता जा’ असं कुणी म्हणालं नाही. मी त्यांची गाडी चालवायला लागलो, दळण-बाजार करायला लागलो. त्या दोघांचं अन्न माझ्या अंगात आहे. पुढचं वाचताना एवढं विसरू नका.

काकूला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. जेवायची तीसुद्धा ओट्याला टेकून, उभ्यानंच. गेली तीही उभ्यानंच म्हणायची. मी दळण आणायला गेलो होतो, परत आलो तर दारात माणसं. अण्णा एवढंच म्हणाले, “चहा ठिवत होती अन् पडली.”

त्यानंतर वर्षभरानं अण्णांना हार्टचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, गेले होते, आम्ही परत आणलं. घरी आले आणि थोड्याच दिवसांनी नार्नूरला नात्यातली एक तेरवी होती, तिथं मी त्यांना घेऊन गेलो. गेलेल्याची बायको अगदी कोवळी पोरगी. तिचं रडणं काही केल्या थांबेना. तेव्हा अण्णा उठले आणि सगळ्यांसमोर बोलायला लागले.

म्हणाले, मी जाऊन आलो आहे. तिथं शेणानं सारवलेली लांबच लांब ओसरी आहे. ऊन नाही, पण उजेड आहे. समोर निंबाचं झाड आहे, त्याचं पान गळत नाही. माणसं ओळीनं शांत बसली आहेत. आणि माझी बायको तांब्या घेऊन आली, मला पाणी दिलं, म्हणाली – तुमचं काम बाकी हाय, परत जा.

ती पोरगी रडायची थांबली. तोंडाला पदर लावून नुसती ऐकत राहिली.

झालं. तिथून पुढं उटनूर म्हणू नका, भैंसा म्हणू नका, मराठी घरात तेरवी असली की अण्णांना बोलावणं. टोपी-उपरणं, नारळ, पहिल्या पंगतीचा मान. एकदा एकानं चेष्टा केली, “मास्तर, तिथं मराठी चालते का तेलुगू?”

“तिथं बोलाचं कामच नाही बाप्पा,” अण्णा म्हणाले. “तुयी तं लय पंचाईत होईन.”

सगळे हसले. मी मागं चपलांपाशी बसून ऐकायचो. विश्वास नव्हता, पण माणसं शांत होतात हे दिसत होतं.

मागच्या पावसाळ्यात अंगणातली पाण्याची मोटर चालू करायला गेलो. ओलं अंगण, पाय अनवाणी, आणि वायर एका जागी सोललेली. हात लागला एवढं आठवतं.

मग मी ओसरीवर होतो.

तीच. सारवलेली, गार. समोर निंब. ओळीनं बसलेली माणसं. मला तिथंसुद्धा वाटलं – अरे, ही तर अण्णांची ओसरी! भीती नव्हती, तहान मात्र फार लागली होती. आणि भिंतीला टेकून, पाय लांब पसरून काकू बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. हातात तांब्या नाही, काही नाही.

“काकू, पाणी,” मी म्हणालो.

“माठ हाय तिथं. घे आपल्या हातानं.” रागानं नाही, सहज म्हणाली.

“पण अण्णांना तर तुमी...”

“ते कवा आले इथं?” तिनं माझ्याकडं पाहिलं. “त्याइले सांगजो, येऊ नोका म्हना. आत्ता कुठं बसली मी.”

डोळे उघडले तेव्हा दवाखाना. नर्स तेलुगूत ओरडत होती आणि छाती अशी दुखत होती, जणू कुणी वरून घण घातलाय. अण्णा उशाशी होते. रडत होते, हसतही होते.

“पोरा, तूबी जाऊन आला! आता आपण दोघं साक्षीदार. सांग, काय काय पाह्यलं?”

मी सगळं सांगितलं. काकूचा निरोपही, जसाच्या तसा. मला वाटलं, थट्टेवारी नेतील. त्यांनी पलंगाचा दांडा धरला.

“हे शेवटचं... हे तुले कोनं सांगतलं?”

“काकूनंच.”

घरी आल्यावर दार लावून घेऊन त्यांनी मला काकू गेली त्या दिवसाचं सांगितलं. पाहुणे आले होते. काकूनं सगळ्यांना वाढलं, भांडी घासली आणि ओसरीवर भिंतीला टेकली. अण्णांनी जाऊन सांगितलं, चहा ठेव. ती हळूच म्हणाली, “आत्ता कुठं बसली मी.”

“फक्त मले ऐकू आलं,” अण्णा म्हणाले. “मी मात्र मोठ्यानं बोललो. म्हनलो, बसाले का तू पाटलीन हायस? पाहुने हासले. ती उठली, आत गेली अन्... हे मी कोनालेच सांगतलं नाही रे.”

मग म्हणाले, “अन् मी काई पाह्यलं नव्हतं. साधा अंधारबी नव्हता. त्या नार्नूरच्या पोरीचं रडनं सहन झालं नाही म्हनून बोलून गेलो. ओसरी, निंब, सारं माह्या मनचं. काईच नाही तिथं, असंच समजून होतो मी.”

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

“कशी म्हनली? रागानं?”

“नाही अण्णा.”

“मंग हासून?”

“नाही. थकलेल्या माणसासारखी.”

“तिथं जाऊनबी थकलेलीच?” घास तसाच हातात ठेवून ते ताटाकडं पाहत राहायचे. आणि मग पुन्हा, “येऊ नोका म्हनली का येऊ नोको म्हनली?” मास्तरच ते... माझी रोज तोंडी परीक्षा चालायची. नको वाटायचं, पण उत्तर द्यायचो. ज्यांनी जगवलं त्यांना नाही कसं म्हणायचं?

एका सकाळी चहा पिताना मला म्हणाले, “पोरा, एकदा जाऊन येतं काय?”

मला वाटलं, बाजारात. “काय आणायचं?”

“इचारून याचं. माफ केलं का नाही, एवढंच.”

ते अंगणाकडं पाहत होते. मीही पाहिलं. अंगण पाणी मारून ओलं केलेलं. माझ्या अपघातानंतर वायरवर मी स्वतः टेप गुंडाळली होती, ती सोलून बाजूला ठेवलेली. अण्णांच्या पायात रबरी चपला.

“भेऊ नोको,” ते अगदी मायेनं म्हणाले. लहानपणी मला कुणी असं समजावलं नव्हतं. “ऑटो सांगून ठिवला हाय मी. बाहेरच उभा हाय. या खेपेस लवकर नेऊ तुले.”

कसंबसं म्हणालो, “अण्णा... तुमीच जा ना.”

“मले कसं जाता येईन? तिनं येऊ नोका म्हनलं ना!”

खरं सांगतो, तुम्ही हसाल – माझी एक चप्पल पायातून निघाली होती. एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी, आणि मागून काय मागतायत तर एक निरोप... असंच मनात येत होतं. तेवढ्यात बाहेरून ऑटोवाल्यानं हॉर्न दाबला. “अरे मास्साब, पेशंट किधर है? कितना देर?”

मी चप्पल पायात सरकवली, बाहेर गेलो आणि ऑटोत बसलो.

“बस स्टँड.”

“मास्साब तो बोले, पेशंट सीरियस है, दवाखाना जाना है.”

“मैंच पेशंट है. बस स्टँड चलो.”

आता मी उटनूरला एका हॉटेलात काम करतो. गाव आणखी लांब राहिलं. अण्णांनी माझ्याबद्दल कुणाकडं वाईट शब्द काढला नाही. उलट माझे कपडे धुऊन, घडी घालून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवले. ते अजून तेरवीला जातात. तीच ओसरी, तोच निंब सांगतात. काकूच्या हातच्या पाण्यापाशी आले की आता त्यांना रडू फुटतं. लोक म्हणतात, मास्तर पहिल्यापेक्षा चांगलं सांगतात.

तुम्ही म्हणाल, शंभरदा ऐकलेली गोष्ट डोक्यात होती, तीच दिसली. ओसरीचं आणि निंबाचं मी मान्य करतो. पण काकूचं ते वाक्य? ती बोलली तेव्हा मी गिरणीवर होतो. अण्णांनी ते गिळून टाकलं होतं. मग ते माझ्या कानात कुठून आलं... मला सांगता येत नाही. इथल्या कुणाला सांगता आलं तर बघा.

मला झोप मात्र वेगळ्याच गोष्टीनं लागत नाही. तिथं काही नाही, असं समजून अण्णा निवांत होते. आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं वय झालंय, आणि मरण काही निरोप वाचून थांबत नाही. आज ना उद्या ते त्या ओसरीच्या पायरीशी जाऊन उभे राहतील. काही मागणारसुद्धा नाहीत कदाचित.

पण ती उठेल. मी त्या घरात राहिलोय... मला माहीत आहे, त्यांना पाहिलं की ती उठेल.