'इतर गरजा'चा रकाना

दोन हजार सालच्या आसपास दोह्यात मी एका मदतनिधीच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. गरीब देशांतल्या शाळांना कॉम्प्युटर द्यायचे, हे आमचं काम. डिजिटल डिव्हाइड, म्हणजे कॉम्प्युटर असलेले आणि नसलेले यांच्यातली दरी, दिवसभर तेच टाइप करायचं. आणि आमच्या रायगडातल्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर होता तो फक्त पुस्तकातल्या चित्रात. माझी मुलगी तिथे आठवीत होती. पत्रात विचारायची, "अब्बा, तुम्ही रोज खऱ्या कॉम्प्युटरला हात लावता?"

एकदा धीर करून साहेबांना विचारलं, आमच्या शाळेचा अर्ज चालेल का? साहेब हसले. "इंडिया? अरे, कॉम्प्युटरवाले तर तुम्हीच!" आमचा देश यादीतच नव्हता. खलास.

सुदान मात्र होता. ऑफिसचा ड्रायव्हर सुदानी, आखातात राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेला, माझा जिवाभावाचा दोस्त. मला 'सदीक' म्हणायचा, म्हणजे मित्र. अल मन्सूरा मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीवर दर शुक्रवारी जेवायला यायचा, माशाचं कालवण ओरपायचा. त्याची मुलगीही तिकडे सुदानात, त्याच्या गावच्याच शाळेत होती. एका शुक्रवारी हात धुऊन त्याने पिशवीतून आमच्याच ऑफिसचा फॉर्म काढला. गावच्या हेडमास्तरांनी कोऱ्या फॉर्मवर सहीशिक्का मारून पाठवला होता. इंग्रजी लिहिणारं तिथे कोणी नव्हतं.

"सदीक, तू लिख. तेरे पे भरोसा है."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. वर्ग किती, मुलं किती, रस्ता कसा. शेवटचा रकाना 'इतर गरजा'. तो म्हणाला, "ये जरूर लिखना. गांव में बिजली नहीं. कॉम्प्युटर के साथ जनरेटर मंगता." आणि चहा ठेवायला उठला.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ह्याची पोरगी खऱ्या कॉम्प्युटरवर बसणार आणि माझी चित्रावर बोट फिरवणार? का म्हणून? ह्याचं काय असं मोठं नशीब लागून गेलंय? भरायचं मी, टाइप करायचं मी, आणि मिळायचं ह्याला! मी तो रकाना कोरा ठेवला. तो चहा घेऊन आला तोवर फॉर्म पाकिटात घालून पाकीट चिकटवलंही होतं.

अर्ज मंजूर झाला. गड्याने अख्ख्या ऑफिसला मिठाई वाटली, मला मिठी मारून ढसाढसा रडला. मी माझा तुकडा कागदात गुंडाळून खणात टाकला. तरीही सांगतो, पश्चात्ताप नव्हता तो, नुसता जळफळाट होता.

पुढच्या वर्षी तो सुट्टीवरून परत आला, पण जेवायला दोन शुक्रवार आलाच नाही. तिसऱ्या शुक्रवारी आला, ताटावर बसला आणि बोलला. कॉम्प्युटर पोचलेत, जनरेटर नाही. वर्गात रांगेने मांडून ठेवलेत. त्याची पोरगी रोज शाळा सुटल्यावर बंद पडद्यासमोर जाऊन बसते आणि बटणं दाबते. मास्तर म्हणतात, बाळ, थांब, वीज येईल. इन्शाल्ला.

मी घास ताटात परत ठेवला. आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला. "तूने तो लिखा था, सदीक. मेरे को मालूम है. वो बडा लोग पढता नहीं."

मी ताटात बघत म्हणालो, "हां. नहीं पढते."